पाहणावळ

बाळांनो, क्षणभर असं धरून चला, की तुम्ही एका पडद्यामागे बसला आहात. गुडघे मोडून, नव्याकोऱ्या गादीवर. डोक्यावर पांढरा रुमाल, तोही कपाळापर्यंत ओढलेला. पडद्यापलीकडे भांड्यांचे आवाज, माणसांचे आवाज, कुणीतरी बूट आपटून चिखल झाडतंय त्याचा आवाज. मग पडद्याचा कोपरा वर होतो आणि एक तोंड आत येतं. ते बोलत नाही. नुसतं बघतं. पोटभर बघून झालं की पडदा खाली. तुम्ही श्वास सोडता न सोडता तोच दुसरं तोंड. असं दिवसभर. आणि तुम्ही मात्र कुणाच्या डोळ्यांत बघायचं नाही.

बसलात? आता हळूच पडद्याच्या बाहेर या. कारण आपली गोष्ट तिथे उभ्या असलेल्या मुलीची आहे. तिचं नाव तुमार. वय नऊ. हातात पडद्याची दोरी.

त्या उन्हाळ्यात तुमारचा थोरला भाऊ मेदेर लग्न करून बायकोला वरच्या कुरणावर घेऊन आला. नव्या सुनेचं नाव जिपार. खिंडीपलीकडच्या तळ्याकाठच्या गावची. मेंढ्या कातरायच्या छावणीत दोघांची ओळख झाली. मेदेरची एक मेंढी होते तोवर जिपारच्या दोन व्हायच्या, म्हणून तो तिच्याशी बोलायला गेला, आणि पुढचं सगळं आपोआप झालं. लग्न झाल्यावर मेदेर घोड्यांच्या कळपामागे वर गेला, कारण घोड्यांना कुणाच्या लग्नाशी काही देणंघेणं नसतं. आणि जिपार रीतीप्रमाणे तीन दिवस पडद्यामागे बसली.

नमद्याच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या, आमच्या गोल घरात, दारासमोरच्या भिंतीशी, हा पडदा ताणलेला असतो. जाड, दुहेरी, बाहेरून लाल नक्षीचा आणि आतून साधा पांढरा. त्याची राखण नवऱ्याच्या धाकट्या बहिणीकडे. आमच्यात नवीन काहीही पहिल्यांदा पाहिलं की पाहणावळ द्यावी लागते. नवं बाळ असो, नवं शिंगरू असो, नवी सून असो. फुकट बघणाऱ्याला लोक चिकट म्हणतात, आणि त्याची नजर लागते असंही म्हणतात. पाहणावळ म्हणजे काही मोठं नको. एक रुमाल, एखादं बटण, खडीसाखरेचा खडा. पण हात रिकामा नको.

त्यामुळे ते तीन दिवस तुमार फार मोठी माणूस होती.

"पाहणावळ?" ती विचारायची.

"अगं, मी तुझी सख्खी आत्या."

"सख्ख्यांनी जास्त द्यायची असते."

दोरी ओढता ओढता तुमारच्या एक गोष्ट लक्षात आली. माणसं सारखी बघत नाहीत. कुणी असं बघायचं की जणू जिपार म्हणजे विकायला आणलेली घोडी, आता तिचे दात बघायला मागतील. कुणाचे डोळे चेहऱ्यावर टेकतच नसत, थेट कानातल्या डुलांवर. मेदेरच्या एका मित्राने तर पडदा उचलताच लाजून स्वतःच्याच बुटांकडे बघितलं, आणि पाहणावळ देऊन परत गेला. आत्याचा दोन वर्षांचा मुलगा पडद्याखालून रांगत आत शिरला आणि तोंड उघडं ठेवून, सगळ्या अंगानं बघत राहिला. त्याच्याकडून पाहणावळ कोण घेणार? त्या एकट्याकडे जिपारने वर मान करून बघितलं, आणि दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत बसली.

सातिबाल्दी आजोबांनी मात्र बघितलंच नाही. त्यांच्या नावाचा अर्थच 'विकत घेतलेला'. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना खिडकीतून शेजारणीला देऊन, खापराच्या तुकड्याला परत विकत घेतलं होतं. विकतच्या पोरावर कुणाची नजर ठरत नाही, असा त्या काळच्या आयांचा हिशेब. आजोबांनी पडद्याखालून हळूच एक छोटा चाबूक सरकवला. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, त्यांनी स्वतः विणलेला.

"आजोबा, पाहणावळ दिलीत तर बघा ना," तुमार म्हणाली.

"घाई कसली? आता रोजच दिसणार आहे. पोरीला जरा बसू दे."

तुमारला वाटायचं, आपल्याला नजर वाचता येते. त्यात नवल नव्हतं. तिच्या आईची, बुरुलची, अर्धी शिकवण नजरेनंच व्हायची. पाहुण्याच्या खांद्यावरून आईनं नुसतं बघितलं की कळायचं, दुसरा साखरेचा खडा उचलायचा नाही. चहाच्या वाडग्याकडे बघितलं की कळायचं, आता काठोकाठ भर, म्हणजे पाहुणा समजेल की उठायची वेळ झाली. चुलीवरच्या मांसाकडे बघत कुत्रा बसायचा, त्याची नजर तर सगळ्यांनाच वाचता यायची. तेव्हा वहिनीची नजर काय अवघड आहे, असं तिला वाटलं.

आणि वहिनीची नजर चमत्कारिक होती. कुणी समोर नसलं की जिपार मान वळवायची आणि पाठीमागच्या भिंतीकडे बघत बसायची. उन्हाळा म्हणून तिथला नमदा हातभर वर गुंडाळलेला होता. लाकडी जाळीतून बाहेरचं गवत दिसायचं, गवतापलीकडे खिंड, खिंडीच्या बाजूला डोंगर. जिपार एकटक तिकडे बघायची. पापणी हलायची नाही. समोरच्या ताटलीतले बोरसोक, गरम लोण्यात तळलेले ते पिठाचे तुकडे, तसेच थंड व्हायचे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आईनं विचारलं, "काही खाल्लं का तिनं?"

"नाही. ती खिंडीकडेच बघत असते," तुमार म्हणाली. "दिवसभर. मी बघितलंय."

शेजारच्या तंबूतल्या कुलिपाआजी तिथेच लोकर पिंजत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

"बघ बाई, बुरुल. जिचे डोळे वाटेवर, तिचे पाय घरात राहत नाहीत."

"काकू, एक दिवस तर झालाय."

"मी आपली सांगते. मला काय, मी म्हातारी. माझ्या भाच्याची बायको अशीच बघायची. बघता बघता गेली."

"ती दवाखान्यात कामाला गेली, काकू. संध्याकाळी परत येते रोज."

"पण गेली की नाही?"

 झोपायच्या आधी बुरुल बाहेर गेली आणि भिंतीचा नमदा सोडून तिनं तो खालपर्यंत नीट बांधून टाकला. वारा लागेल पोरीला, एवढंच म्हणाली. तुमारला दोरी आवळल्याचा आवाज आला, आणि आपण काहीतरी सांगायला नको होतं ते सांगून बसलो, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंमत अशी झाली की जिपार भिंतीकडे बघायची थांबली. आता ती समोर बघायला लागली. सरळ पडद्याकडे.

नऊ वाजताच आत्या आली. तुमारने कोपरा उचलला, तर जिपारचे डोळे आधीच तिथे होते, त्या कापडावर रोखलेले. पडदा हलताच तिच्या कपाळावर बारीक आठी पडली आणि तिनं नजर खाली घेतली. पडदा सोडला. तुमारने हळूच फटीतून डोकावलं. वहिनी पुन्हा पडद्याकडे. तशीच, पापणी न हलवता. जणू कापडातून आरपार घरातल्या माणसांकडे बघते आहे.

दुपारपर्यंत ही गोष्ट सगळ्या कुरणावर झाली.

"आपण बघायला गेलो की कपाळाला आठ्या," आत्या म्हणाली. "आपलं बघणं नको झालंय तिला."

"आठ्या राहू देत," कुलिपाआजी म्हणाल्या. "मी इथे लोकर पिंजत होते, पडद्याकडे पाठ करून. आणि मला मानेवर कळत होतं. पडद्याआडून कुणीतरी बघतंय. तेव्हापासून डोकं धरलंय माझं."

"काकू, तुमचं डोकं काल पण धरलं होतं."

"काल पण ती इथेच होती."

बुरुल हसली नाही. तिनं वाळलेल्या आर्चाची, आमच्या डोंगरातल्या त्या सुवासिक झाडाची, एक फांदी पेटवली आणि घरभर धूर फिरवला. पडद्यापाशी ती जरा थांबली. वर छताच्या मधल्या गोल भोकातून ऊन तिरपं खाली येत होतं आणि धूर त्या उन्हातून चढत होता. आतल्या ताटलीला हातसुद्धा लागलेला नव्हता. चहाच्या वाडग्यावर साय धरली होती.

त्या संध्याकाळी चुलीपाशी बसून बुरुल सासऱ्यांना, सातिबाल्दी आजोबांना, म्हणाली, "उद्या दुपारी पडदा उतरायचा. तिनं या घरचा घास अजून तोंडात घातलेला नाही. मी कुणाच्या लेकीला धरून ठेवणारी बाई नाही. तुम्ही सकाळी खिंडीपलीकडे जाऊन तिच्या मामांना घेऊन या. त्यांच्यासमोर विचारू. जायचं असेल तर तिनं मान खाली घालून जायला नको. आम्ही स्वतः नेऊन सोडू."

"आणि मेदेर?"

बुरुलनं चुलीत शेणी सरकवली. "मेदेरला मी सांगेन."

आजोबांनी मान हलवली. कोपऱ्यात पांघरुणात असलेल्या तुमारने सगळं ऐकलं. तिला वहिनी हवी होती. वहिनीनं पहिल्या दिवशी तिच्या वेणीला हात लावून, कुणाला ऐकू न जाईल असं, "किती घट्ट घालतेस गं" एवढंच म्हटलं होतं, आणि ती वेणी तुमारने अजून सोडली नव्हती. आता ती वहिनी जाणार. आणि खिंडीची गोष्ट सांगितली कुणी? तिनंच.

सकाळी लवकर ती आजोबांच्या मागे गेली. आजोबा करड्या घोड्यावर खोगीर चढवत होते. पण घोडा स्थिर उभा नव्हता, किंवा खरं म्हणजे फारच स्थिर उभा होता. मान ताठ, कान पुढे, समोरच्या उतारावर टक लावून.

"काय बघतोय तो?" तुमारने विचारलं.

"तूच सांग. तुला नजर वाचता येते म्हणे."

तुमारने घोड्यासमोर जाऊन त्याच्या डोळ्यांत बघितलं. मोठा काळा डोळा. त्यात ती स्वतःच दिसत होती, बुटकी, दोन वेण्यांची. "घाबरलाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही. रागावलाय."

"त्याच्या डोळ्यांत तुला तूच दिसणार. इकडे ये." आजोबांनी तिला उचलून खोगिरावर बसवलं. "खाली वाक. हनुवटी त्याच्या मानेवर ठेव. आता त्याच्या दोन कानांच्या मधून बघ."

तुमार वाकली. घोड्याच्या आयाळीचा उबदार, धुळकट वास आला. दोन कानांच्या मधून उताराचा एवढासा तुकडा दिसत होता, आणि त्या तुकड्यात, गवतात, एक तपकिरी ठिपका. ठिपका हलला. शिंगरू. कळपातून चुकून खाली आलेलं, एकटं.

"त्याला हाक मारावी की नाही, एवढंच ठरवत होता तो," आजोबा म्हणाले. "कुरणावरचा कुणीही माणूस घोड्याच्या समोर उभा राहून घोड्याला विचारत बसत नाही, पोरी."

घोडा खिंकाळला. शिंगरानं उड्या मारत वर यायला सुरुवात केली. तुमार खोगिरावरून घसरत खाली आली.

"आजोबा, खोगीर हळू आवळा."

"माझे हात म्हातारे आहेत," आजोबा म्हणाले. "हळूच आवळतात."

घरात बुरुल कणीक मळत होती. तिनं सकाळीच तुमारच्या हातात भाकरीचा तुकडा दिला होता, तो अर्धा खाऊन उरलेला तुमारच्या खिशात होता. पडद्यापाशी कुणी नव्हतं. तुमारने कोपरा उचलला. वहिनीच्या कपाळावर ती आठी आली. आज तुमार डोकावून मागे फिरली नाही. ती आत शिरली, पडदा सोडला, आणि वहिनीच्या समोर न बसता तिच्या पाठीमागे गेली, गुडघे टेकले, आणि हनुवटी वहिनीच्या खांद्यावर ठेवली.

जिपार दचकली. पण हलली नाही.

आधी नुसता काळोख होता. बाहेर इतकं ऊन की आतलं काही दिसेना. दुहेरी पडदा, दुहेरी नमदा, उबदार, लोकरीच्या वासाचा काळोख. तुमारला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आणि वहिनीचा. दोन्ही हळूहळू एका चालीवर आले. मग पांढऱ्या कापडावर काहीतरी उमटायला लागलं. दुधात निळं पाणी सांडावं तसं. खाली निळसर, अगदी फिकट. वर करडं. आणि मधे, निळ्यात उतरलेलं, पांढरं, चमकणारं काहीतरी. दोन उंचवटे, खाली लोंबणारे. त्यांच्या शेजारी एक बारीक मान.

"दिसला?" जिपार कुजबुजली.

"काय?"

"उंट."

आणि तो दिसला. उलटा. पाठीवरच्या दोन मदारी खाली, पाय वर, मान पुढे काढलेला पांढरा उंट, जणू निळ्या पाण्यात पडलेला.

"पाणी पितोय," जिपार म्हणाली.

तुमारने मान वळवली. पाठीमागच्या नमद्यात, दोघींच्या जरा बाजूला, जमिनीपासून वितभर वर, एक भोक होतं. हिवाळ्यात चुलीची ठिणगी उडून पडलेलं, वाटाण्याएवढं. त्यातून उजेडाची बारीक काडी आत येत होती. बाहेर, त्या भोकासमोर, सकाळच्या उन्हात तोच डोंगर उभा होता, आणि त्या काडीबरोबर उलटा होऊन पडद्यावर उतरत होता.

"ही तर आमची दोन कढयांची टेकडी," तुमार म्हणाली.

"काय म्हणता तुम्ही तिला?"

"दोन कढया. उपड्या घातलेल्या. आणि बाजूला ती पळी."

जिपारच्या खांद्याला बारीक थरथर आली. तुमारला वाटलं, रडतेय. मग कळलं, हसतेय. रुमालाचं टोक तोंडात धरून ती हसत होती.

"पळी नाही गं. ते त्याचं डोकं आहे. आमच्या गावाकडून तो समोरून दिसतो. डोकं डाव्या अंगाला. पहिल्या दिवशी इथून बघितलं तर ओळखूच येईना. दिवसभर शोधत होते, डोकं गेलं कुठे. आपल्या माणसाला पाठीमागून बघावं आणि ओळख पटू नये, तसं झालं होतं." ती थांबली. "मग सासूबाईंनी नमदा सोडला. मला वाटलं, आता तेवढाही नाही. रात्र गेली. सकाळी डोळे उघडले तर हा इथे. उलटा. अगदी आमच्या तळ्यातल्यासारखा."

"तळ्यात?"

"पाण्याला गेल्यावर वर कोण बघतं? बादली बुडवायची तर खालीच बघायचं. मी लहानपणापासून हा उंट उलटाच जास्त बघितलाय. बादली बुडवली की मोडायचा. मग आई म्हणायची, थांब, त्याला परत गोळा होऊ दे, मग दुसरी भर." तिनं पडद्याकडे बोट केलं. "इथेही तसंच. कुणी कोपरा उचलला की मोडतो."

तुमारला ती आठी आठवली. दोन दिवसांत पडदा किती वेळा उचलला होता. प्रत्येक वेळी आपणच बादली बुडवत होतो.

"तू बोलली का नाहीस?"

"कुणाशी? सगळे बघायला येत होते. विचारायला कुणी आलं नाही. आणि तीन दिवस नव्या सुनेनं मोठ्यांशी बोलायचं नसतं." मग जिपारने मान थोडी वळवली. तिच्या डोळ्यांत आता वेगळंच काहीतरी होतं. "बरं, तू पहिल्यांदाच पाहिलास ना उंट?"

"हो."

"मग पाहणावळ?"

तुमारने खिसे चाचपले. रुमाल, बटणं, खडीसाखर, सगळं वहिनीचंच होतं, तिच्याच पेटीत गेलेलं. तिच्या स्वतःच्या खिशात फक्त भाकरीचा तुकडा. दाताच्या खुणा असलेला.

"माझ्याकडे एवढंच आहे."

"दिलेली पाहणावळ परत करायची नसते," जिपार म्हणाली, आणि तिनं तो तुकडा घेतला. हातात धरून बसली. उंटाकडे बघत बसली. मग एक घास खाल्ला. मग दुसरा. तुमार तिच्या गालाची हालचाल आपल्या गालावर मोजत होती. बाहेर घोड्याच्या खोगिराची कडी खणखणली.

तुमार पडद्यातून अशी बाहेर आली की तोवर येऊन शिवत बसलेल्या कुलिपाआजींच्या हातातली सुई सुटली.

"आई, आत ये."

"हाताला कणीक आहे माझ्या."

"असू दे. पण पाहणावळ लागेल."

"माझ्या घरात, माझ्याच सुनेची, मी पाहणावळ देऊ? ती तर पहिल्याच दिवशी दिली."

"सुनेची नाही. दुसऱ्याच कशाची तरी. आणि दोरी माझ्या हातात आहे."

बुरुलनं लेकीकडे बघितलं. अशा वेळी ती जसं बघायची, त्यानं तुमार इतर कुठल्याही दिवशी गप्प झाली असती. आज तुमारने नजर खाली घेतली नाही. बुरुलनं ओल्या हातानं खिशात चाचपलं, तिथे शिवणाचं अंगुस्तान होतं, पितळेचं, तिच्या आईचं. ते तिनं तुमारच्या तळहातावर ठेवलं.

"समोर बसायचं नाही हं," तुमार म्हणाली. "तिच्या शेजारी बस. आणि थोडा वेळ काहीच करू नकोस."

पडदा पडला. बाहेर तुमार, कुलिपाआजी आणि दाराशी लगाम धरून उभे असलेले आजोबा.  कणकेवर एक माशी बसली, उडाली. कुलिपाआजींनी दोनदा मान पुढे केली आणि दोन्ही वेळा तुमारने दोरी घट्ट धरली. आतून आधी जिपारचा दबका आवाज आला, तुटक तुटक. सासूशी ती पहिल्यांदाच बोलत होती.  मग बुरुलचा आवाज, जो कुलिपाआजींशी बोलताना असतो त्यापेक्षा पुष्कळ खालचा.

"मी आले तेव्हा तीन दिवस सासूबाईंच्या चहाच्या किटलीकडे बघत होते. तिची चोच मोडकी होती. आमच्या घरच्या किटलीची अगदी तशीच मोडली होती. सगळे म्हणाले, ही हावरट निघणार."

आतून पुन्हा ती बारीक, रुमालात दाबलेली हसण्याची थरथर ऐकू आली. आणि या वेळी ती दोघींची होती.

आजोबांनी काही न विचारता घोड्याचा पट्टा सैल केला. खोगीर उतरवताना मात्र त्यांचे हात अजिबात म्हातारे दिसले नाहीत.

"आता मामांना नाही आणायचं?" कुलिपाआजींनी विचारलं.

"आणू की," आजोबा म्हणाले. "जेवायला आणू. मेदेर आला की तोच जाईल."

दुपारी पडदा उतरला. जिपारने घरातल्या सगळ्यांना वाकून नमस्कार केला, चुलीत तुपाचा चमचा सोडला, आणि पहिला चहा तिनं ओतला. कुलिपाआजींना तिनं अर्धाच वाडगा दिला. अर्धा वाडगा म्हणजे बसा अजून, आणखी देते. कुलिपाआजींनी वाडग्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि डोकं दुखायचं थांबलंय असं स्वतःहून जाहीर केलं.

चहा झाल्यावर त्या उपकाराची परतफेड म्हणून की काय, त्या घराच्या मागच्या बाजूला गेल्या. हातात सुई, लोकरीचा दोरा. नमद्यातलं भोक त्यांनी बोटानं चाचपलं.

"एवढं भोक ठेवतात का? आज वाटाणा, उद्या मूठ. वाऱ्यानं फाटत जातं हे. बर्फ आत येईल. घालते दोन टाके, बुजवून टाकते."

तुमार धावत आली तेव्हा सुई नमद्यात शिरायलाच आली होती. तिनं आजीचा हात धरला.

"आजी, थांबा. बुजवू नका."

"मग काय करू? फाटू देऊ?"

 म्हातारीचं खरं होतं. भोक तसंच ठेवलं तर वाढणार, आणि वाढलं की उजेडाचा लोट आत येणार, उंट विरघळणार. बुजवलं तर तोही गेलाच. ती भोकाकडे बघत उभी राहिली. वाऱ्यानं कडेची लोकर हलत होती. बराच वेळ बघितल्यावर तिला ते भोक आपल्या जुन्या अंगरख्याच्या काजासारखं दिसायला लागलं. आईनं भोवती टाके घातलेलं, रोज बटण आतबाहेर होऊनसुद्धा इतकी वर्षं न उसवलेलं.

ती घरात गेली. जिपार वाडगे पुसत होती.

"वहिनी, आईच्या पाहणावळीतलं तुझं अंगुस्तान देशील? थोड्या वेळापुरतं."

जिपारने पितळेचं अंगुस्तान तिच्या बोटात घातलं. ते फार मोठं होतं, म्हणून आत लोकरीचा बोळा भरून दिला. कशाला हवंय, ते तिनं विचारलं नाही. हातातला वाडगा खाली ठेवून ती तुमारच्या मागोमाग निघाली.

बाहेर येऊन तुमार गवतात गुडघ्यांवर बसली. कुलिपाआजींकडून सुई मागून घेतली, त्यात लाल दोरा ओवला, आणि जीभ दातांत धरून त्या वाटाण्याएवढ्या भोकाभोवती, एकाला एक लागून, काजाचे टाके घालायला लागली.